मोड आणि मोल : गहाणाच्या पेढीवरील जुन्या वस्तू

गहाण म्हणजे काय

कर्जाची हमी म्हणून जंगम वस्तू धनकोच्या ताब्यात देणे, म्हणजे गहाण किंवा तारण. वस्तू पेढीवर राहते, मालकी ऋणकोचीच असते. मुद्दल आणि व्याज फिटले की वस्तू परत मिळते. ते फिटले नाही, तर १८७२ च्या भारतीय करार अधिनियमानुसार धनकोने आधी रास्त मुदतीची सूचना द्यावी लागते. मगच वस्तू विकता येते, आणि येणे वसूल होऊन उरलेली रक्कम ऋणकोला परत करावी लागते. पाश्चात्त्य शहरांत न सोडवलेल्या वस्तू त्याच दुकानात मांडून विकतात, म्हणून तिथे गहाणाचे दुकान हे जुन्या वस्तूंचे बाजारकेंद्रही असते. महाराष्ट्रात तसे सहसा घडत नाही. इथे न सुटलेला डाग (दागिना) बहुधा मोडीत जातो, म्हणजे वितळवला जातो. दुर्मिळ वस्तू ओळखण्याची आणि तिचे मूल्य ठरवण्याची वेळ म्हणूनच फार थोडी असते. ती वस्तू तराजूत पडल्यापासून मुशीत जाईपर्यंतची.

सुपे, १८७५

बारामती तालुक्यातील सुपे इथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे हिसकावून जाळले. दख्खनचे दंगे म्हणून ओळखला जाणारा हा उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. रोष मुख्यतः कागदांवर होता, ही त्यातील सर्वांत बोलकी गोष्ट आहे. वाचता न येणाऱ्या माणसाचे सारे देणे त्या कागदात अडकलेले होते. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी कायदा झाला, आणि कर्जाचा मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. आज महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. त्याच वर्षी शासनाने तारणी कर्जासाठी शेतकऱ्याला वर्षाला ९ टक्के आणि इतरांना १५ टक्के अशी व्याजाची कमाल मर्यादा ठरवून दिली. व्याजावर असे बंधन आले; वस्तूचे मोल कसे करावे हा प्रश्न मात्र पेढीवरच्या माणसाच्या नजरेवर राहिला.

पहिले मोल : धातू

सराफ आधी वजन करतो, मग कस पाहतो. कसोटीच्या काळ्या दगडावर डाग घासून उमटलेली रेघ ज्ञात कसाच्या रेघेशी ताडतात आणि तिच्यावर आम्लाचा थेंब सोडतात. हलकी रेघ विरते, चोख टिकते. ढोबळ वजनातून खडे, दोरा आणि लाख वजा होते. बोरमाळेचे मणी आतून पोकळ असून त्यांत लाख भरलेली असते, त्यामुळे दिसायला भरगच्च माळ निव्वळ वजनात अनपेक्षितपणे हलकी भरते. पुढे डाखाची घट धरतात आणि उरलेल्या चोख सोन्याच्या किमतीचा काही हिस्सा कर्ज म्हणून देतात. या हिशेबात घडणावळ शून्य असते. वयाला तर रकानाच नाही. धनकोच्या बाजूने हे तर्कसंगत आहे, कारण उद्या भाव पडला तरी धातू कुठेही विकता येतो. शंभर वर्षे जुन्या नक्षीला गिऱ्हाईक कधी मिळेल हे सांगता येत नाही.

राणीछाप रुपया

धातूचे मोल आणि संग्राहकाचे मोल कुठे जुळतात आणि कुठे फाटतात, हे चांदीच्या जुन्या रुपयावर सर्वांत स्वच्छ दिसते. ब्रिटिश अमलातील रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता. एका तोळ्याचे बारा मासे आणि एका माशाच्या आठ गुंजा. सराफ आज व्यवहारात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, त्यामुळे जुन्या दस्तातील तोळा आणि आजचा तोळा यांत जवळजवळ १.६६ ग्रॅमचा फरक पडतो. रुपयातील चांदी बारा भागांत अकरा, सुमारे १०.६९ ग्रॅम. १९४० पासून हे प्रमाण निम्म्यावर आले आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. म्हणजे दोन रुपये तराजूत सारखेच उतरले, तरी एकात साडेदहा ग्रॅमहून अधिक चांदी असू शकते आणि दुसऱ्यात ५.८३ ग्रॅम. नुसत्या मोडीचा भाव करायचा असला, तरी साल वाचावेच लागते.

संग्राहक तेच साल वेगळ्या कारणासाठी वाचतो. घरोघरी सापडणारा १८६२ सालचा रुपया फार जुना म्हणून दुर्मिळ समजला जातो. प्रत्यक्षात ते साल साच्यावर गोठवून पुढे अनेक वर्षे तीच तारीख छापली गेली, त्यामुळे तो विपुल आहे. १८७७ पासून नाण्यावर राणीऐवजी सम्राज्ञी ही पदवी आली. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली, पुष्कळ नाणी परत घेऊन वितळवण्यात आली आणि पुढच्या वर्षी चित्र सुधारले. याउलट १९३९ चा रुपया वयाने लहान आणि संग्राहकांच्या दृष्टीने अतिशय दुर्मिळ आहे. किती जुने यापेक्षा किती उरले, हा प्रश्न मोलाच्या जास्त जवळचा आहे.

पुतळी

पुतळ्यांच्या माळेतील एक पुतळी हातात घेऊन पाहण्यासारखी असते. व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाट नाण्याला इकडे पुतळी हे नाव पडले, कारण त्यावर माणसांच्या आकृती आहेत : एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबवर्तुळात ख्रिस्त. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. व्यापारातून आलेले हे नाणे दागिन्यात गेले. पुढे सोनारांनी त्याच आकाराच्या चकत्यांवर लक्ष्मी ठसवली आणि पुतळी हे दागिन्याचेच नाव झाले.

अस्सल नाण्याच्या कडेने त्या त्या प्रमुखाचे नाव लॅटिन अक्षरांत असते. नाव वाचता आले की काळाच्या मर्यादा मिळतात. व्हेनिसचे प्रजासत्ताक १७९७ मध्ये संपले, म्हणून त्यानंतरचा प्रमुख नाहीच. भारतात घडवलेल्या नकलांवर ही अक्षरे नुसत्या उभ्या-आडव्या रेघा होऊन जातात. नक्कल म्हणजे इथे फसवणूक नव्हे. सोने बहुधा चोखच असते, आणि स्थानिक कारागिराने न कळणारी लिपी कशी पाहिली याचा तो पुरावा ठरतो. माळेसाठी डाखलेली कडी धातूच्या मोलाला काहीच बाधा आणत नाही, पण सुटे नाणे म्हणून संग्राहकाच्या लेखी ते नाणे उतरते. उलट, माळ अखंड असेल तर तीच कडी तिच्या उपयोगाची साक्ष होते. अडचणीच्या वर्षी दोन-दोन पुतळ्या उतरवून गहाण टाकल्या जातात आणि माळ विस्कटते; ग्रॅमच्या हिशेबात यात काहीही गमावलेले दिसत नाही.

अस्सल आणि ओतीव

जुनी नाणी दोन ठशांमध्ये धातूची चकती ठेवून ठोकलेली असतात. बनावट नाणे बहुधा अस्सल नाण्याचा साचा काढून ओतलेले असते. ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर भिंगाखाली बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा मऊ असतात, आणि काठावर दोन साच्यांचा सांधा किंवा तो घासल्याच्या खुणा राहतात. शिवराई हे शिवकालीन तांब्याचे नाणे. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ती हाताने ठोकलेली असल्यामुळे ठसा बहुधा चकतीच्या मध्यावर बसत नाही आणि एखादे अक्षर काठाबाहेर जाते. अगदी गोल, मध्यावर बसलेली, सगळी अक्षरे सारख्याच ठसठशीतपणे दाखवणारी शिवराई म्हणूनच आधी संशयास पात्र असते. पेशवाईतही शिवराया पडत राहिल्या. मजकुरात दुहेरी रेघ असलेली ती दुदांडी. शिवरायांचा सोन्याचा होन अत्यंत दुर्मिळ आहे, आणि पेढीवर किंवा बाजारात तो सहज समोर आला, तर नकली असण्याचीच शक्यता मोठी.

परीक्षेच्या मर्यादा

वजन, नाद, कस आणि विशिष्ट गुरुत्व या चार परीक्षा एकमेकींना पूरक आहेत. सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५, तांब्याची सुमारे ९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर; हवेतले आणि पाण्यातले वजन घेऊन ती काढता येते. पण टंगस्टनची घनता सोन्याच्या इतकी जवळ आहे की ही परीक्षा तिथे फसते. क्ष-किरणांचे कस मोजणारे यंत्र फक्त वरच्या पातळ थरापुरते सांगते. जाड मुलाम्याखाली काय आहे ते त्याला दिसत नाही. शिवाय या सगळ्या परीक्षा धातूच्या आहेत. त्याच कसाच्या चांदीत आज पाडलेला खोटा राणीछाप रुपया त्या सगळ्या पार करतो. वय ठरवायला ठसा, अक्षरवळण, झीज आणि तोंडी इतिहास यांची सांगड घालावी लागते. चिंच-राखेने चकचकीत घासलेल्या नाण्यावरून तर पुराव्याचा वरचा थरच गेलेला असतो. काळवंडलेपण हा मळ नसून दस्त आहे.

अडकित्ते आणि टाक

पितळ-तांब्याच्या वस्तूंबाबत दोन मोलांतील दरी सर्वांत मोठी असते, कारण धातूच स्वस्त. अडकित्ता, कुलूप किंवा समई मोडीत किलोवर जाते. दिनकर केळकर यांनी विसाव्या शतकात गावोगाव फिरून अशाच घरगुती वस्तू जमवल्या. तो संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला दिला आणि तो पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणून पाहता येतो. तिथली अडकित्त्यांची रांग पाहिली की मोडीच्या ढिगाकडे पूर्वीच्या नजरेने पाहणे अवघड होते. देवघरातील चांदीच्या टाकांची गोष्ट नाजूक आहे. झिजलेला टाक नदीत सोडणे किंवा सोनाराला देऊन त्याच चांदीचा नवा घडवणे ही रीत आहे. जेजुरीच्या खंडोबाचा, घोड्यावर बसलेला उठावाचा टाक पिढ्यान्‌पिढ्यांच्या हळदीने गुळगुळीत झालेला असतो. श्रद्धेच्या दृष्टीने तो झिजला. अभ्यासकाच्या दृष्टीने त्या झिजेतच पूजेचा इतिहास आहे. तो मोडण्यापूर्वी निदान दोन्ही बाजूंचे छायाचित्र आणि वजन नोंदवावे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

गाळातून वर येणारे

भीमेवर १९८० च्या सुमारास उजनी धरण पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्यातील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. अशा गाळात किंवा शेतात जमिनीखाली दडलेले नाणे सापडले, तर ते सापडणाऱ्याचे आपोआप होत नाही. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्याला देणे बंधनकारक आहे. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ हा त्याच्या जोडीचा कायदा. शंभर वर्षांहून जुनी नाणी, शिल्पे, चित्रे आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते त्याच्या कक्षेत येतात. अशा वस्तू विकण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. सावकारीचा परवाना या परवान्याची जागा घेत नाही.

पावतीतील वर्णन

जुन्या वस्तूच्या खरेदीत सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत टिकाऊ गोष्ट म्हणजे तिची लेखी ओळख. गहाणाच्या पावतीवर ‘जुना हार १, ढोबळ वजन अमुक’ एवढेच लिहिले, तर सोडवताना तोच हार परत आला की नाही हे सिद्ध करणे कठीण, आणि पुढे विकला गेल्यास तो कोणाकडून आला हेही हरवते. चोरीची वस्तू विकत घेणाऱ्याला मालकी मिळत नाही. माहीत असून घेतली तर तो गुन्हाही आहे. पुरेसे वर्णन फार लांब नसते : पुतळ्या किती, त्यांतील अक्षरे असलेल्या किती आणि लक्ष्मीच्या किती, कडी कोणत्या धातूची, दोरा मूळचा की नवा, कोणत्या पुतळीला चीर, ढोबळ व निव्वळ वजन ग्रॅममध्ये, कस, आणि कोणत्या घरातून आली. एवढ्या सात-आठ ओळी पावतीवर असल्या, तर माळ पेढीच्या तिजोरीतून घरी परत आली काय किंवा संग्राहकाकडे गेली काय, तिची ओळख तिच्याबरोबर जाते.