दंतवैद्याची नोंद आणि राज्याची सीमा

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरब हे गाव १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होते, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. राज्ये बदलली, गाव जागचे हलले नाही, की गावकऱ्यांची दातदुखी बदलली नाही. दंतवैद्याच्या व्यवसायाचा अधिकार मात्र राज्याच्या सीमेशीच बांधला गेला.

१९४८ च्या दंतवैद्य कायद्याने पदवीची मान्यता देशभर एक केली, परंतु नोंदवह्या राज्यागणिक वेगळ्या ठेवल्या. परराज्यात व्यवसाय करणाऱ्याने शुल्क भरून आपले नाव तेथील नोंदवहीत हलवून घ्यावे, अशी त्या कायद्याची योजना. कायमचे स्थलांतर करणाऱ्यास ती पुरेशी आहे. पण पैनगंगेच्या अलीकडे पांढरकवड्यास आणि पलीकडे, आज तेलंगणात असलेल्या आदिलाबादेस, आठवड्यातून एकेक दिवस रुग्ण तपासू इच्छिणाऱ्याने काय करावे?

हा प्रश्न केवळ व्यावसायिकांच्या सोयीचा नाही. विदर्भात खर्ऱ्याचे व्यसन खोल रुजले आहे. सुपारी-तंबाखूमुळे तोंड हळूहळू उघडेनासे होते, आत चट्टे उठतात आणि पुढे कर्करोगाचा धोका संभवतो. ही चिन्हे वेळीच ओळखण्यास दंतवैद्याची नजर लागते. परवाना सुलभ होताच तो शहर सोडून बोरी अरबला येऊन बसेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तथापि फिरत्या सेवेच्या वाटेतील एक धोंडा तरी दूर होईल.

अमेरिकेतील काही राज्यांनी यावर आपसातील कराराचा मार्ग काढला. सात राज्यांची संमती मिळाल्यावर २०२४ मध्ये तो अमलात आला. रुग्ण ज्या राज्यात असेल तेथील नियम दंतवैद्याने पाळावयाचे, आणि एका राज्याने त्याच्यावर केलेली कारवाई इतरांना कळवावयाची, हे त्या कराराचे मर्म होय.

आपल्या संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. तिचे स्वागतच व्हावे. परंतु संचाराच्या मुभेबरोबर उत्तरदायित्वही यावयास हवे. चुकीच्या उपचाराने दात गमावलेल्या बोरी अरबच्या शेतमजुराने दाद मागण्यासाठी हैदराबादेस जावे काय? नोंदवही देशाची असावी. तक्रारीचे दार मात्र रुग्णाच्या जिल्ह्यातच उघडे असावे. एवढे साधले, तरच सीमा ओलांडण्याचा लाभ दंतवैद्याइतकाच रुग्णालाही होईल.