यंत्राच्या गळ्यातला मालकंस

“हे कसलं संगीत? नुसता यंत्रांचा खडखडाट!” टेक्नो ऐकणाऱ्या मुलांना हे घरोघरी ऐकावे लागते, आपल्याकडे तर मराठीत आणि कन्नडमध्येही. पण यंत्र आपल्या माणसाच्या हाती आले की ते आपल्या चालीत बोलू लागते. धार जिल्ह्यातील कुक्षीला गेलो असताना मला हे जाणवले. त्या भिल्ल पट्ट्यात ढोल-मांदलाच्या जोडीला आता कीबोर्डवरची ‘टिमली’ही वाजते. आवाज यंत्राचा, पण पाय थिरकतात ते आपल्याच मातीच्या ठेक्यावर.

या वाटेवर फार आधी निघालेला कलावंत मुंबईत होता. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे एकत्र आणली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि खर्जासाठी टीबी-३०३. त्यांवर भैरव, ललित, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. कर्नाटक संगीतातील ‘वलचि’शी नाते सांगणारा कलावतीही त्यात आहे.

३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. आपल्या कानाला ती मींडेसारखी वाटते. खाली ताल मात्र लोखंडी शिस्तीचा, क्षणभरही न थबकणारा. या दोहोंच्या ओढाताणीतच त्या संगीताची नशा आहे.

एचएमव्हीची ती तबकडी तेव्हा फारशी चालली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या ‘फ्युचर’ या चमूने त्याच ३०३ वर ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढले. ‘ॲसिड हाउस’ची लाट युरोपात पोचली, टेक्नोतही तो वळवळणारा खर्ज शिरला. दोन्ही शोध स्वतंत्र. पण आपला पाच वर्षे आधीचा. नेदरलँड्सच्या ‘बॉम्बे कनेक्शन’ने २०१० मध्ये तबकडी पुन्हा काढली, तेव्हा जग चकित झाले. सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपच्या मंचांवर तरुणांपुढे वाजवू लागले. २०१५ मध्ये ते गेले.

मानमरातब मिळाला, पण अठ्ठावीस वर्षांनी आणि परक्या दारातून. म्हणून पालकांना एवढेच सांगणे: मुलगी कानाला हेडफोन लावून बसली असेल, तर थोडा वेळ तो मागून घ्या. आवडले नाही तर खुशाल तसे म्हणा. पण आधी ऐका.