पळवलेलं गिऱ्हाईक आणि कलम २७

श्रीरामपूरचा झहीर खान भारतीय संघात नुकताच आला होता. ऑक्टोबर २००० मध्ये त्याने परसेप्ट डी'मार्क या कंपनीशी तीन वर्षांचा करार केला. जाहिराती मिळवणं, व्यवहार ठरवणं हे तिचं काम. करारात एक मेख होती: मुदत संपल्यावर दुसऱ्या कुणी झहीरला प्रस्ताव दिला, तर त्याच अटींवर काम घेण्याची पहिली संधी परसेप्टला द्यायची. मुदत संपली आणि झहीर 'गेमप्लॅन' या दुसऱ्या कंपनीकडे गेला. परसेप्टने मुंबई उच्च न्यायालय गाठलं, सुरुवातीला मनाई हुकूमही मिळवला, पण खंडपीठाने तो उठवला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही झहीरच्याच बाजूने कौल दिला.

आधार होता १८७२ च्या भारतीय करार कायद्यातलं कलम २७. कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. मुदत चालू असताना घातलेलं बंधन मात्र टिकू शकतं. कल्याणच्या टायरकॉर्ड कारखान्यातले निरंजन गोळीकरी पाच वर्षांचा करार अर्ध्यावर सोडून कोटा शहरातल्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेले, तेव्हा १९६७ मध्ये याच न्यायालयाने त्यांच्यावरची मनाई कायम ठेवली होती.

फ्रीलान्स काम करणाऱ्या डिझायनरने, अनुवादकाने, फोटोग्राफरने यातून काय घ्यायचं? 'आमच्याशिवाय कुणाकडे जायचं नाही' असं कोटेशनखाली छापून गिऱ्हाईक जन्माचं बांधलं जात नाही. ते आपलं कधीच नसतं. आपलं असतं फक्त हातातलं काम. म्हणून ते काम मुदतीचं करून घ्यावं. सुटं पोस्टर करण्यापेक्षा वर्षभराचा मासिक करार, दोन्हीकडून एक महिन्याची नोटीस आणि मध्येच काम थांबवलं तर झालेल्या कामाचे पैसे, एवढं लेखी असलं तरी पुष्कळ. स्पर्धक या मुदतीतच शिरला, तर निदान बोलायला जागा राहते.

दुसरी पकड कॉपीराइटची. १९५७ च्या कायद्यानुसार फ्रीलान्सरने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, लिहिणाराच. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. त्यामुळे तुमचाच मजकूर आपल्या नावावर खपवून कुणी तुमचं गिऱ्हाईक गाठलं, तर त्याला नोटीस धाडता येते. फोटोग्राफरने मात्र जपून राहावं: पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा मालक, वेगळं ठरलं नसेल तर, काम सांगणारा ठरतो.

'तो वेळ पाळत नाही, फाइली अडकवतो' अशी तुमची खोटी बदनामी स्पर्धकाने केलीच, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे. पण पाच हजारांच्या ब्रोशरसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? बदनामीचा मेसेज हाती आला तर तो जपून ठेवावा आणि थेट गिऱ्हाइकाला फोन करावा. स्पर्धकाला शिव्या न घालता एवढंच विचारावं, की आमच्याकडून काय कमी पडलं. उत्तर बहुधा रेटचं नसतं. 'तुम्ही फोन उचलत नव्हता' असं असतं.

रेट पाडण्याचा मोह मात्र टाळावा. एकदा उतरलेला भाव पुढच्या दिवाळीला वर नेताना नाकी नऊ येतात. पाडायचंच असेल तर कामाचं माप पाडावं: तीनऐवजी दोन नमुने, दोनऐवजी एकदाच दुरुस्ती. आणि तरीही गिऱ्हाईक गेलंच, तर त्याच्या मूळ फाइली, फॉन्टची यादी आणि पासवर्ड त्याच दिवशी पाठवून द्यावेत. स्वस्तातल्या कामाचे चटके बसून परतणारे असतात. येताना ते आपला जुना रेट विचारत नाहीत, नवा विचारतात.