हळद कुणाची, आसन कुणाचं?

योगासनांचं अमेरिकेत कुणीतरी पेटंट घेतलं, अशी बातमी अधूनमधून येते आणि कट्ट्याकट्ट्यावर चर्चा तापते. आता सूर्यनमस्कार घालायला परवानगी काढायची का, असं कुणीतरी विचारतंच. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण भांडायचं तर नेमकं कशाशी, हे आधी समजून घेतलं पाहिजे.

ज्या प्रकरणावरून हे सगळं गाजलं, ते पेटंटचं नव्हतंच. मूळचे कोलकात्याचे विक्रम चौधरी यांनी अमेरिकेत तापवलेल्या खोलीतल्या योगाचे वर्ग सुरू केले. २६ आसनं आणि श्वसनाचे दोन प्रकार, ठरलेल्या क्रमानं. या क्रमावर त्यांनी कॉपीराइट सांगितला. पेटंट शोधावर मिळतं, कॉपीराइट मांडणीवर. माझ्या पावसाच्या कवितेवर माझा कॉपीराइट असतो. पाऊस काही माझा होत नाही! तिथल्या अपील न्यायालयानं ऑक्टोबर २०१५ मध्ये साधारण हेच सांगितलं : आसनांचा क्रम ही आरोग्य सुधारण्याची एक पद्धत आहे, तिला कॉपीराइटचं संरक्षण नाही. त्याआधी २०१२ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानंही हीच भूमिका घेतली होती.

खरं पेटंट घेतलं गेलं ते हळदीवर. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मार्च १९९५ मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे. त्यांना कुणाच्या घरी हळद लावलीच नसेल का, असं मनात येतंच. बातमी आली तेव्हा अनेकांना वाटलं, आता स्वयंपाकघरातल्या हळदीवरही बंदी येणार. तसं नव्हतं. पेटंट ज्या देशाचं, त्या देशातच चालतं. आपल्या फोडणीला त्याचा धोका नव्हता. धोका होता तो अमेरिकेत औषधी हळद विकू पाहणाऱ्याला, आणि त्याहून अधिक एका तत्त्वाला.

त्या वेळी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते. परिषदेनं १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये अमेरिकी कार्यालयानं त्यातले दावे फेटाळले. आपल्याकडे ही लढाई 'हळदीघाटी' म्हणून ओळखली गेली. ती जिंकली ती कागदावर. जुन्या संस्कृत ग्रंथातला उल्लेख आणि १९५३ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेख पुराव्यात होता.

कागदच का लागला? आमच्या घरात दखनी बोलली जाई. बोट कापलं की नानी चिमूटभर हळद दाबून धरायची, पाय मुरगळला की हळद-चुन्याचा गरम लेप घालायची. नानीला अक्षर येत नव्हतं. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात अशा नानीला जागा नव्हती. एखादी गोष्ट आधीपासून ठाऊक होती हे दाखवायला परदेशातला नुसता वापर चालत नसे. ती कुठेतरी छापलेली किंवा पेटंट झालेली असावी लागे. अमेरिकेतला वापर मात्र चाले. कोट्यवधी घरांतला रोजचा अनुभव एका छापील पानापुढे फिका! हा भेद पुढे २०१३ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानं दूर केला.

युरोपात नियम वेगळा. तिथे तोंडी सांगितलेलं आणि प्रत्यक्ष वापरलेलंही पुरावा ठरतं, मग ते जगात कुठेही असो. म्हणून कडुनिंबाच्या प्रकरणात माणसाची साक्ष कामी आली. पिकांवरची बुरशी रोखण्यासाठी कडुनिंबाचं तेल वापरण्याच्या पद्धतीवर डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी आणि अमेरिकेचं कृषी खातं यांना १९९४ मध्ये युरोपीय पेटंट मिळालं होतं. वंदना शिवा आणि त्यांच्या युरोपातल्या सहकाऱ्यांनी ते आव्हानलं. हे तर आम्ही आधीपासूनच करतो आहोत, असं फडके आडनावाच्या एका भारतीय कारखानदारानं तिथे जाऊन सांगितलं. मे २००० मध्ये पेटंट रद्द झालं. अपील फेटाळायला मार्च २००५ उजाडला. एका झाडासाठी दहा वर्षं!

दर वेळी इतकं झगडणं परवडणारं नव्हतं. म्हणून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय सुरू झालं. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि योग यांच्या जुन्या ग्रंथांतली माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत, पेटंट तपासनिसाला कळेल अशा साच्यात उतरवली गेली. २००९ पासून युरोपीय पेटंट कार्यालयाला ती पाहता येऊ लागली. त्यानंतर कितीतरी अर्ज लढाईशिवायच मागे घेतले गेले किंवा फेटाळले गेले. यात मला एका गोष्टीचा विशेष आनंद आहे. 'भारतीय ज्ञान' म्हणून जे तिथे नोंदलं गेलं, त्यात संस्कृत आणि तमिळबरोबर अरबी, फारसी, उर्दूही आहे. हकिमांची करबादीनं आहेत. ग्रीकांकडून अरबांकडे, तिथून इथे येऊन आपली झालेली ही विद्या. ज्ञानाला आपण पत्ता विचारायला निघालो की असे लांबचे पत्ते सापडतात.

पण हे ग्रंथालय ग्रंथांचं आहे. पाल ठोकून गावोगाव हिंडणाऱ्या वैदूचं काय? मेळघाटातल्या, गडचिरोलीतल्या जाणत्या म्हाताऱ्यांचं काय? त्यांची विद्या पुस्तकात नाही. ती छापली तर परक्याला पेटंट मिळणार नाही हे खरं, पण मग ती कुणीही फुकट उचलेल, आणि वैदूच्या हाती काहीच पडणार नाही. केरळात वेगळी वाट निघाली होती. काणी आदिवासींनी दाखवलेल्या आरोग्यपच्च या वनस्पतीपासून तिथल्या संशोधन संस्थेनं औषध बनवलं आणि मिळालेल्या पैशातला निम्मा वाटा काणींना देण्याचं ठरवलं. त्यातही पुढे अडचणी आल्या. तरी देणाऱ्याचा हिस्सा मानला गेला, हे मोठं.

आपला जैवविविधता कायदा २००२ चा. त्यात २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन ग्रंथांत नोंदलेलं ज्ञान वापरणाऱ्यांना लाभाचा वाटा देण्यातून सूट मिळाली. ग्रंथातलं कुठलं आणि तोंडातलं कुठलं, ही रेघ आता कोण आखणार? मे २०२४ मध्ये जिनिव्हात एक आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. अशा ज्ञानावर शोध आधारलेला असेल, तर ते कुठल्या लोकांकडून घेतलं हे अर्जदारानं उघड करावं, असं तो म्हणतो. पंधरा देशांची अधिकृत मान्यता मिळाल्यावर तो अमलात यावा, अशी तरतूद आहे.

त्याच कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ही कल्पना माधव गाडगीळ यांनी रुजवली. हरित लवादानं मुदत घातल्यावर २०१९-२० मध्ये पुष्कळ वह्या घाईघाईत भरल्या गेल्या. नमुन्यात वैद्य, हकीम आणि पारंपरिक उपचार करणाऱ्यांच्या यादीसाठी एक तक्ता आहे. आपल्या गावची वही मागून घ्या आणि तेवढं पान पाहा. नावं आहेत का, आणि ज्यांची आहेत त्यांना विचारून ती लिहिली होती का?