लांबून दाबलेलं बटण (कॅमेरा समजून घेताना : भाग ११)

मागच्या भागात शटरचा आवाज आणि तो टाळण्याचे मार्ग पाहिले. आता कॅमेऱ्यातल्या वाय-फाय आणि ब्लूटूथकडे वळू. दुकानदार ही सोय एका वाक्यात उरकतो : फोटो काढला की लगेच मोबाइलवर. माझ्या मते हा तिचा दुय्यम उपयोग आहे. छायाचित्रकाराला विषयापासून लांब राहता येतं, हा मुख्य. हे तपासायला बारामती-इंदापूरइतका सोयीचा मुलूख नाही. भिगवण-कुंभारगावला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहेत, कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळांवर लांडगे आहेत, आणि वारीच्या दिवसांत बेलवाडीला तुकोबांच्या पालखीचं रिंगण असतं.

पाठवण्याचं आधी पाहू. कॅमेऱ्याचं वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. कॅमेरा स्वतःचं छोटं नेटवर्क तयार करतो, मोबाइल त्याला जोडला जातो आणि कंपनीच्या ॲपमधून फोटो उतरतात. म्हणून काठावर रेंज नसली तरी फोटो मोबाइलपर्यंत येतो. पुढे जात नाही, इतकंच. पुष्कळांची जोडणी इथेच तुटते, कारण या वाय-फायवर इंटरनेट नाही असं दिसताच मोबाइल आपणहून डेटाकडे परततो. तेवढा वेळ डेटा बंद ठेवला की प्रश्न मिटतो. बेलवाडीत अडचण वेगळी. हजारो मोबाइल एकाच मैदानात आले की टॉवरवर ताण येतो आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींचीही गर्दी होते. कॅमेऱ्यात ५ गिगाहर्ट्झचा पर्याय असेल तर तो निवडावा. पण टॉवरच दमला असेल तर कॅमेरा काय करणार? कुणी म्हणेल, बातमीदाराला तर पाठवणंच महत्त्वाचं. खरं आहे. त्याने मूळ फाइल पाठवण्याचा हट्ट सोडावा. २४ मेगापिक्सेलची जेपेग फाइल बऱ्याचदा १० एमबीच्या आसपास जाते, तर निकॉनचं स्नॅपब्रिज आपोआप उतरवतं ती प्रत २ मेगापिक्सेलची असते. वर्तमानपत्रातल्या दोन-तीन कॉलमी फोटोला ती पुरते. पाठवण्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

आता लांब राहण्याचं. काठावरच्या चिखलात शेकाटे, तुतारी, धोबी चरत असतात. त्यांच्या नजरेच्या उंचीवरून फोटो हवा तर कॅमेरा जमिनीलगत हवा, आणि माणूस जवळ असेल तर पक्षी येत नाहीत. उजाडण्याआधी कॅमेरा बुटक्या आधारावर ठेवून मागे बाभळीच्या आडोशाला बसावं, मोबाइलच्या पडद्यावर दृश्य पाहावं, तिथूनच फोकस द्यावा आणि बटण दाबावं. पक्ष्याला बहुधा कॅमेऱ्याची भीती नसते. हलणाऱ्या माणसाची असते. काही गोष्टी मात्र आधी जुळवाव्या लागतात. कॅमेरा आपोआप झोपी जाण्याची वेळ वाढवावी, आवाजविरहित शटर लावावं आणि दुसरी बॅटरी भरून न्यावी, कारण सतत दृश्य पाठवताना बॅटरी झपाट्याने उतरते. मोबाइलवरचं दृश्य किंचित उशिरा येतं, त्यामुळे झेप घेणारा पक्षी या पद्धतीने क्वचितच नेमका सापडतो. चरणारा, पाणी पिणारा सापडतो. नावेत बसून रोहित टिपणाऱ्याला याचा काही उपयोग नाही. तिथे साधा मोठा लेन्स आणि नावाड्याला ‘आणखी पुढे नको’ म्हणण्याची तयारी लागते. रोहित पाण्यावरून धावत जाऊन उडतो. नाव जवळ आली की त्याला चरणं सोडून ही सगळी मेहनत करावी लागते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, पल्ला. मोकळ्या जागेत या जोडणीचा भरवसा साधारण १० मीटरचा. कॅमेरा ओल्या जमिनीला टेकवला किंवा मध्ये गवत आलं की तो आणखी घटतो. मग लांब कसलं? पण शेकाट्यासारख्या पक्ष्याच्या बाबतीत एका हातावर असणं आणि १० मीटरवर, आडोशाला, न हलता असणं यात फार अंतर पडतं. त्याहून लांब जायचं तर वेगळा रेडिओ ट्रिगर घ्यावा; त्यात पडद्यावरचं दृश्य मिळत नाही, पण पल्ला पुष्कळ वाढतो. दुसरा आक्षेप गंभीर आहे : याच सोयीने उद्या कुणी लांडग्याच्या बिळाच्या तोंडाशीच कॅमेरा ठेवेल. ठेवू शकेल, हे मान्य केलंच पाहिजे. बिळाजवळ माणसाचा वावर वाढला की मादी पिल्लं दुसरीकडे हलवते. तिथे कॅमेरा ठेवायला आणि उचलायला केलेल्या दोन फेऱ्याही जास्तच. म्हणून चरण्या-पिण्याच्या जागी ही पद्धत चालेल. घरट्याशी आणि बिळाशी मुळीच नाही. अभयारण्यात आणि वनखात्याच्या सफारीत तर परवानगीशिवाय गाडीतून उतरायचंच नसतं.

दूर राहण्याला आणखी एक बाजू आहे, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ब्लूटूथची जोडणी फारशी वीज न खाता चालू राहते आणि मोबाइलमधली वेळ व ठिकाण कॅमेऱ्याला पुरवते. वेळ अचूक राहणं चांगलंच. पण ठिकाणही प्रत्येक फाइलमध्ये गुपचूप नोंदलं जातं. ती जागा छायाचित्रकाराची असते, प्राण्याची नाही, तरी मोठ्या लेन्सने काढलेल्या फोटोत दोहोंमधलं अंतर दोनेकशे मीटरच असायचं. उघड्या माळावर बीळ शोधायला एवढं पुरे. अभ्यासकांना ठिकाण लागतं, हे खरं; पण आयनॅचरॅलिस्टसारखे नोंदींचे मंचही धोक्यातल्या प्रजातींचं नेमकं ठिकाण पुसट करूनच दाखवतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ही नोंद गळून पडते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते, आणि चांगल्या दर्जासाठी लोक नेमका दुसरा मार्ग धरतात. तेव्हा कडबनवाडीला किंवा शिर्सुफळला निघण्याआधी ॲपमधली ठिकाण नोंदवण्याची परवानगी बंद करा, आणि आधीच काढलेल्या लांडग्यांच्या फोटोंतली ती नोंद काढल्याशिवाय मूळ फाइल कुणालाही देऊ नका.