लहान गावात राहणे म्हणजे काय? चला, पाण्याच्या हिशोबातून समजून घेऊया



'माझे गाव' हा निबंध तुम्ही कधी ना कधी लिहिलाच असेल. दरवर्षी मीही तो वर्गाला देते. बहुतेक वह्यांमध्ये गाव सारखंच असतं: हिरवीगार शेते, झुळझुळ वाहणारी नदी, साधीभोळी माणसे. एका वर्षी मात्र चौथीतल्या एका मुलीने लिहिलं, "आमची नदी चार महिने असते. मग वाळू असते. मग टँकर येतो." मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. बाकीचे निबंध गाइडमधल्या गावाचे होते, तिचा निबंध आमच्या गावाचा होता.

आज आपण असंच खरं गाव समजून घेऊया. महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यातलं, कमी पावसाचं एक लहान गाव. अशा गावात राहायचं म्हणजे नक्की काय करायचं?

गाव म्हणजे नुसती घरे नव्हेत

जिथे घरं असतात ते झालं गावठाण. त्याच्याभोवती शेतांचं शिवार असतं, गायरान असतं, ओढा असतो, डोंगर असतो. शिवारात पडलेला पाऊस उतारावरून ओढ्याकडे जातो, काही जमिनीत मुरतो. मुरलेलं पाणी बांध ओळखत नाही, सातबाराही वाचत नाही! एकाच्या शेतात खूप खोल बोअर घेऊन रात्रंदिवस उपसा केला, की खालच्या अंगाच्या विहिरीचा तळ उघडा पडू शकतो. म्हणजे विहिरी वेगवेगळ्या दिसल्या, तरी खालचं पाणी बहुतेक वेळा एकच असतं.

शहरात शेजारी काय करतो याने आपल्या नळाला सहसा फरक पडत नाही. लहान गावात मात्र पडतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थोडे गणित

वही-पेन घ्या. 1 हेक्टर, म्हणजे साधारण अडीच एकर जमिनीवर 1 मिलिमीटर पाऊस पडला, तर किती पाणी झालं? 10,000 लिटर. बरोबर?

आता एक गाव धरू. लोकसंख्या 900, शिवार 600 हेक्टर, वर्षाचा पाऊस 400 मिलिमीटर.

• एकूण पडलेले पाणी: 600 × 400 × 10,000 = 240 कोटी लिटर.
• जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दर माणशी रोज 55 लिटर पाणी धरलेलं आहे. म्हणजे 900 × 55 × 365 = सुमारे 1 कोटी 81 लाख लिटर.

बघा बरं! पडतं 240 कोटी आणि घरांना लागतं दोन कोटींपेक्षाही कमी. मग एप्रिलमध्ये टँकर का येतो?

कारण पडलेलं सगळं पाणी आपल्या हाती राहत नाही. बरंचसं वाफ होऊन जातं, काही माती आणि पिकं पितात, काही ओढ्यातून गावाबाहेर निघून जातं. विहिरींना मिळतो तो उरलेला, जमिनीत खोल मुरलेला लहानसा वाटा. त्या वाट्यावर पिण्याचं पाणी, जनावरं आणि उन्हाळी शेती असे तिघे बसलेले असतात.

एक हेक्टर ऊस

उसाला पूर्ण वाढीसाठी साधारण 1,500 ते 2,500 मिलिमीटर पाणी लागतं. मधला आकडा 2,000 धरला, तर एका हेक्टरला 2 कोटी लिटर. म्हणजे आपल्या 900 माणसांच्या गावाला वर्षभर घरात लागणाऱ्या पाण्यापेक्षा एक हेक्टर ऊस जास्त पाणी घेतो. ठिबक केलं तर गरज कमी होते, पण ऊस काही ज्वारी-बाजरीइतक्या पाण्यात येत नाही.

पण थांबा, ऊस लावणाऱ्याला लगेच दोष देऊ नका. उसाचा किमान दर सरकार ठरवून देतं. कांद्याला अशी हमी नाही. तो कधी रडवतो, कधी हसवतो. घरात लग्न असेल, कर्ज असेल, तर माणूस खात्रीचं पीक निवडणारच ना? त्याचा निर्णय त्याच्या घरापुरता बरोबर असतो. सगळ्यांनी तोच निर्णय घेतला की गाव कोरडं पडतं.

आणि यातली दुसरी बाजू मी रोज हजेरीपटावर पाहते. पाणी नसलेल्या गावांतली माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात. आजी-आजोबा नसतील तर लेकरंही फडावर जातात. मार्च-एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा वाचन मागे पडलेलं असतं. टँकरचा निबंध लिहिणारी ती मुलगीही पुढच्या वर्षी अशीच गेली. जाताना म्हणाली, "बाई, माझं नाव काढू नका हं पटावरून."

मग ठरवायचे कोणी?

इथे ग्रामसभा येते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा कायदा 1958 चा आहे. गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. त्यासाठी निवडून यावं लागत नाही. सभेला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी माणसं हजर लागतात. आपल्या गावात 600 मतदार धरले तर 90 माणसं. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग पाच-दहा जण बसून ठरवतात आणि बाकीचे पारावर म्हणतात, "आम्हाला कोणी विचारलंच नाही!"

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. हंडा ज्यांच्या डोक्यावर असतो, त्यांनी पाण्याबद्दल बोलायलाच हवं की नाही?

आणखी एक गोष्ट. 'गावाचं पाणी सगळ्यांचं' हे वाक्य आपल्याकडे फार जुनं नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर त्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता. म्हणून गावाने मिळून ठरवायचं म्हणजे सगळ्या वस्त्यांनी मिळून, कोणालाही बाहेर न ठेवता.

हे जमते का?

जमतं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे कमी पावसाचं गाव. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने श्रमदानातून डोंगरउतारावर चर खोदले, बंधारे बांधले, झाडं लावली, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. पण खरी अवघड गोष्ट पुढेच होती. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत आणि ऊस-केळीसारखी पिकं घ्यायची नाहीत, असं गावाने ठरवलं. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा: आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी, मग उरलेल्यावर पिकं. कामासाठी बाहेर गेलेली कितीतरी कुटुंबं पुढे गावात परत आली. 2020 साली पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

पाणी अडवायला मशीन आणता येतं. पण आपल्याच शेतात काय लावायचं नाही, हे गावासमोर कबूल करायला मन लागतं. लहान गावात राहणं म्हणजे हेच, मित्रांनो. लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून हे जमण्याची शक्यताही इथेच जास्त.

करून पाहा

1. तुमच्या गावाचं क्षेत्रफळ आणि गेल्या वर्षीचा पाऊस विचारून घ्या आणि वरचं गणित मांडा.
2. घरात रोज किती हंडे किंवा बादल्या पाणी लागतं, ते आठवडाभर लिहून ठेवा.
3. मागच्या ग्रामसभेला घरातलं कोण गेलं होतं, ते विचारा. कोणीच नसेल, तर पुढच्या सभेची तारीख भिंतीवर लिहून ठेवा.
4. आता 'माझे गाव' हा निबंध पुन्हा लिहा. नदी कोरडी असेल तर कोरडीच लिहा. गुण कापले जाणार नाहीत, बरं का!