चरित्रं शेजारीशेजारी मांडताना

परवा जाफराबादच्या एस.टी. स्टँडवर जाळीच्या देवाला निघालेल्या बायका भेटल्या. भोकरदन तालुक्यातलं हे महानुभावांचं ठाणं आम्हाला शेजारचंच. ‘आमच्यात हे सासूकडून आलं,’ एकजण म्हणाली. नेमका हाच प्रश्न मी दोन वर्षं सातशे वर्षांपूर्वीच्या माणसांना विचारतो आहे.

संतचरित्र आपण एकेकट्याचं वाचतो. पंथ कसा वाढला हे कळायला मात्र अनेकांची चरित्रं शेजारीशेजारी मांडावी लागतात. चक्रधरस्वामींच्या मागे म्हाइंभटांनी माणसं गाठून आठवणी गोळा केल्या, त्याचं ‘लीळाचरित्र’ झालं. डॉ. वि. भि. कोलते यांची १९७८ची आवृत्ती आणि नंतरच्या काळाचं ‘स्मृतिस्थळ’ घेऊन मी प्रत्येक नावाचं कार्ड केलं : गाव, जात, नातं, कोणी आणलं.

पंथ पंडितांनी वाढवला, हा माझा समज कार्डांनी मोडला. आई आबाइसा, बहीण उमाइसा, ‘धवळे’ रचणारी चुलतबहीण महदाइसा. नागदेवाचार्यांचं घरच इथे दिसतं. केशिराजांना त्यांनी संस्कृतात लिहू दिलं नाही, कारण म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकल्या असत्या. ही गोष्ट आपण मराठीच्या अभिमानानं सांगतो. मला आता त्यात समोर बसलेल्यांची काळजी दिसते.

अर्थात या आठवणी भक्तांच्या. येऊन परत गेले त्यांची आठवण कोण जपणार? ती कार्डं कोरीच आहेत.

स्टँडवरच्या बाईंच्या सासूचं नाव विचारायला गेलो, तोवर गाडी लागली होती.